सीना किंवा भीमेला पूर आल्यास सोलापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या रहिवाशांनी आसरा कोठे घ्यावा?

तात्पुरते निवारे बहुधा उंचावरील जिल्हा परिषद शाळा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालयात उघडले जातात. नेमके ठिकाण तलाठी किंवा ग्रामसेवकांकडून पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे. भीमाकाठी केवळ उजनीच्या विसर्गाकडे पाहून चालत नाही, कारण वीर धरणाचे पाणी नीरेतून नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते आणि पंढरपुरात दोन्ही प्रवाह एकत्रच पोहोचतात. सप्टेंबर 2025 मध्ये तर सीनेनेच माढा, मोहोळ भागांत हाहाकार माजवला होता.

मदतीसाठी 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 क्रमांक फिरवावा. निघताना आधारकार्ड, शिधापत्रिका आणि बँक पासबुक खताच्या रिकाम्या पिशवीत नव्हे (तिला शिवणीतून पाणी लागते), तर जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्यावे, आणि जनावरे हलवता आली नाहीत तर निदान त्यांची दावी सोडावीत.