पेटीचा गांधार तानपुऱ्याशी का जुळत नाही?

निपाणीहून तुम्ही विचारलंय : नवी पेटी मिरजेच्या तानपुऱ्याबरोबर वाजवली, सा-प जुळले, पण शुद्ध गांधार (सा-रे-ग मधला ग) चढा लागतो, कारागीर म्हणतो पेटीत दोष नाही. पेटी परत पाठवू नका. तुमचा कानही खरा आहे.

पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर पेटीचा गांधार ३०२.४ येतो, तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या सा च्या तारेतून) आपोआप उमटतो तो ३०० च्या हिशेबाचा. खर्ज एकटा छेडा आणि पेटीवर तार (वरच्या) सप्तकातला गांधार हलकेच धरून ठेवा. तिथे फरक दुप्पट होतो, म्हणून आवाज सेकंदाला पाचेक वेळा लाटेसारखा कमीजास्त होताना ऐकू येईल. पंचमात फरक अर्ध्या कंपनाचाही नाही, म्हणून तो जुळल्यासारखा वाटतो.

मग गांधार उतरवूनच का घेऊ नये? मी तेच केलं होतं. शहापुरातल्या आमच्या भजनी मंडळाची पेटी, काळी एकचा सा. त्याचा गांधार पांढरी चारवर येतो, तिचा रीड (सूर देणारी पितळी जीभ) मुळाशी घासून उतरवून घेतला. अभंग असा लागला की काय सांगू! पुढच्या एकादशीला बुवा नेमके पांढरी चारमध्ये गायला बसले. उतरवलेला सूरच सा झाला आणि त्याचा पंचम चढा लागायला लागला. रीड टोकाशी घासून पुन्हा चढवला, पण दोनदा घासलेलं पितळ पातळ झालं ते झालंच.

अडचण मुळातच आहे. २४० चा गांधार ३००. त्याला सा मानलं तर त्याचा गांधार ३७५, आणि त्याचाही गांधार ४६८.७५. पेटीवर असे तीन गांधार चढलं की तार सा येतो, आणि तो तर ४८० वर हवा! शिवाय ३७५ चा हा सूर ज्या पट्टीवर येतो तिथेच आपला कोमल धैवत (उतरलेला ध) असतो, आणि त्याला ३८४ हवेत. पट्टी एकच, ती ३८१ देते. सा पांढरी एकवर धरला, तर पाश्चात्त्य पुस्तकात जी शार्प आणि ए फ्लॅट ही दोन नावं एकाच पट्टीला दिसतात, ती याच दोन सुरांची. व्हायोलिनवर बोट किंचित सरकवता येतं, पेटीवर नाही. सांगलीचे संगीत-अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी यासाठीच श्रुतींची (सुरांच्या अशा बारीक जागांची) पेटी करवून घेतली होती.

बेळगावचे पेटीवादक रामभाऊ विजापुरे याच साध्या पेटीवर राग उभे करायचे, तेव्हा पेटीला कमी लेखू नका. फक्त रियाजात सा पेटीवरून घ्या आणि पुढे तानपुऱ्यावरच गा. साथ करताना भूप किंवा यमन रागात गाणारा गांधारावर थांबला, की पेटीवरचा गांधार सोडून सा-प धरून ठेवा.