मँचेस्टर युनायटेडकडे प्रायोजकांची रांग आहे, मोठमोठे अधिकारी आहेत, तरी चाहते व्यवस्थापनावर का चिडलेले असतात?

मी कोल्हापूरचा, म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डची, युनायटेडच्या मैदानाची, पायरीही न चढता चिडणाऱ्यांपैकी. दुपारी शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच, रात्री टीव्हीवर युनायटेड, असा आमचा हंगाम जातो.

जाहिरातीच्या पैशाचा राग नाही, हे आधी सांगतो. आमच्या पेठांचे फुटबॉल संघ, पाटाकडील असो नाहीतर शिवाजी तरुण मंडळ, पैसा लागतोच. त्याशिवाय बाहेरचे खेळाडू येणार कुठून? पण वर्गणी आणणारा गडी टीम निवडायला बसला तर पेठ ऐकून घेत नाही, आणि हरल्यावर त्याला त्याच गल्लीतून घरी जायचं असतं. युनायटेडच्या मालकांना ही गल्लीच नाही.

ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, तोही बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. त्या व्यवहारात त्यांच्या बाजूनं काम केलेले बँकर एड वुडवर्ड २०१३ मध्ये क्लबचे कारभारी झाले. त्याच उन्हाळ्यात संघाचे व्यवस्थापक फर्ग्युसन निवृत्त झाले, आधीचे कारभारी डेव्हिड गिलही गेले. प्रायोजक आणण्यात वुडवर्डना तोड नव्हती. नूडल्सचा भागीदार वेगळा, टायरचा वेगळा. (आपलं अपोलो टायर्स तिथं गेलं तेव्हा आम्ही पोरं जाम खूश होतो.) खेळाडू घेताना मात्र पहिल्याच उन्हाळ्यात मधल्या फळीतला फेलाइनी २.३५ कोटी पौंडांत मिळण्याची मुदत टळू दिली आणि शेवटच्या दिवशी २.७५ कोटी मोजले. २०१८ मध्ये तर गुंतवणूकदारांना सांगितलं, की मैदानावरच्या कामगिरीनं व्यापाराला फारसा फरक पडत नाही. तिडीक जाते ती इथं. फुटबॉल संचालक नेमायला २०२१ उजाडलं!

गंमत म्हणजे आकडे व्यवस्थापनाच्या बाजूनं बोलतात. २०२४-२५ मध्ये संघ लीगमध्ये १५वा आणि उत्पन्न विक्रमी, ६६.६५ कोटी पौंड. त्यातलं निम्मं व्यापारी. पण नव्या करारात संघाचे कपडे पुरवणाऱ्या आदिदासनं अट घातलीय, की चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) हुकली की त्या हंगामाचे एक कोटी पौंड कापणार. त्यांना बरोबर कळतं माल कशावर खपतो ते.

२०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ २७.७ टक्के हिस्सा घेऊन आले, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला, तेव्हा वाटलं आता जाणती माणसं येणार. आलीही. डॅन अ‍ॅशवर्थना क्रीडा संचालक म्हणून न्यूकॅसल क्लबकडून मिळवायला महिनोन्महिने घासाघीस झाली; जुलैत रुजू झाले, डिसेंबरात बाहेर. प्रशिक्षक टेन हाग यांचा करार उन्हाळ्यात वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. या दोन निरोपांचा खर्च १.४५ कोटी पौंड. त्याच काळात शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांची सदस्यांची तिकिटं सरसकट ६६ पौंड झाली, पोराटोरांना नि म्हाताऱ्यांनाही सवलत राहिली नाही. वरच्यांचे निर्णय चुकले आणि बिल खालच्यांनी भरलं.

मला ते तिकीट काढायचं नाही, तरी ते मला झोंबतं. प्रायोजक पैसे मोजतो माझ्यासारख्या लांबच्या प्रेक्षकासाठी, आणि मी टीव्हीपुढं बसतो तो त्या स्टँडमधल्या आरड्याओरड्यासाठी. प्रेक्षकांनी गच्च भरलेलं शाहू स्टेडियम ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बापाबरोबर येणारं पोरगं परवडत नाही म्हणून घरी बसलं, तर विकायला उरतं काय?

मुख्य कार्यकारी ओमर बेराडा यांच्याबद्दल मात्र माझं मत आमच्या कट्ट्यापेक्षा मवाळ आहे. तेही मूळचे प्रायोजकांच्या बाजूचे, बार्सिलोनात तेच काम करायचे. पण मँचेस्टर सिटीच्या गटात पुढं त्यांनी फुटबॉलचा कारभार पाहिला. जेसन विलकॉक्स फुटबॉल संचालक आहेत, त्यांना खेळाडू निवडू द्यावेत आणि बेराडांनी करार आणावेत, एवढं जमलं तर माझी तक्रार फक्त त्या कर्जाची राहील.