अण्णांचं रक्त की भावाचा पट्टा?

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. भाचा चौदा वर्षांचा, सातवीपर्यंत बरा होता. आठवीत गेल्यापासून मारामाऱ्या, दुकानातून उचलेगिरी, वर्गातल्या पोराचं डोकं फोडलं. भाऊ हर्णैला बोटीवर. घरात सगळे म्हणतात, 'अण्णांचंच रक्त', म्हणजे तुमच्या वडिलांचं, जे दारू चढली की कोयता घेऊन अंगणात उभे राहायचे. आणि तुम्ही विचारताय, हे जनुकांत असतं का, तपासणी करून घ्यावी का.

मी डॉक्टर नव्हे. एकतीस वर्षं गुहागरकडच्या एका हायस्कुलात मास्तर होतो आणि अशा पोरांपायी या विषयाचं वाचत आलो.

जनुकांत असतं का? काही अंशी, हो. जुळ्यांवरचे अभ्यास पाहिले तर अशा वागण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा अनुवंशाकडे जातो. म्हणजे तुमच्या भाच्याचा अर्धा राग अण्णांचा आणि अर्धा त्याचा स्वतःचा, असा हिशेब मात्र होत नाही. तो आकडा हजारो माणसांतल्या फरकाचा आहे, एका पोराचा नाही.

ज्या जनुकाची सगळ्यात जास्त चर्चा झाली ते एमएओए. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम ते बनवतं. काही माणसांत ते कमी सक्रिय असतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांवर संशोधक वर्षानुवर्षं नजर ठेवून होते. त्यातल्या मुलग्यांबद्दल कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली लिहिलं. कमी सक्रिय जनुक आणि लहानपणी छळ, हे दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं असे जेमतेम १२ टक्के होते, पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर. तेच जनुक असून ज्यांना घरी मार बसला नव्हता, ती पोरं इतरांपेक्षा वाईट निघाली नाहीत.

पुढे काही अभ्यासांत हेच दिसलं, काहींत नाही. आता असं मानतात की एकच जनुक कर्ताकरविता नसतं, असंख्य जनुकं चिमूटचिमूट भर घालतात. म्हणून तपासणीवर पैसे घालवू नका. रिपोर्ट काहीही आला तरी करायचं तेच.

आता अण्णांकडे येऊ. एमएओए एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतं आईकडून. बापाकडून येतं वाय; बापाचं एक्स जातं मुलीकडे. तेव्हा अण्णांचं ते जनुक तुमच्या भावाकडे आलंच नाही, तर भाच्याकडे कुठून येणार? ते आलंय तुमच्याकडे, ताई! (हसा थोडं. तुम्ही कोयता उगारल्याचं काही लिहिलेलं नाही.) दुसरी जनुकं आली असतील, ते मी नाकारत नाही. पण अण्णांनी तुमच्या भावाला बडवलं आणि भाऊ पोराला पट्ट्यानं बडवतो, हे तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेलात. रक्ताइतकाच पट्टाही वारशानं येतो. आपल्याकडे हापूसचं कलम म्हणजे मूळ झाडाची नक्कलच, जनुकं तीच. तरी एक कलम कातळावर खुरटतं आणि दुसरं परसात लगडतं, यावरून तुमच्याशी कोणी वाद घालणार नाही.

माझ्या वर्गात असाच एक होता, खलाशाचा मुलगा. त्याच्या मारामाऱ्यांच्या तारखा मी डायरीत टिपायचो. एकदा सहज पानं उलटली तर सगळी दाटी शाळा उघडल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाप घरी, हातात पैसा नाही, उचल डोक्यावर, संध्याकाळी बाटली. त्याच सुमारास माझ्या हातून डस्टर टेबलावर आपटला. हा पोरगा, वर्गातला दादा, दोन्ही हात डोक्यावर घेऊन बाकाखाली गेला. कोणी हसलं नाही. सतत मार खाणाऱ्या पोराचं शरीर कायम सावध असतं, साधा चेहराही त्याला रागावलेला दिसतो आणि तो आधीच हात उगारतो. मला हे पुस्तकात नंतर सापडलं, बाकाखाली आधी दिसलं.

पुढच्या वर्षी ते दोन महिने त्याला आजीकडे ठेवायला आईला कसंबसं राजी केलं. डायरीतली पानं बरीच कोरी राहिली. आज तो इंजिनं दुरुस्त करतो. तापट अजूनही आहे, पण कोणावर हात टाकल्याचं कानावर नाही.

भाच्याचं आठवीत सुरू झालं ही त्यातल्या त्यात बरी बाजू. तीन-चार वर्षांचा असल्यापासून त्रास देणारी पोरं आणि वयात येताना बिघडणारी पोरं वेगळी, हे मॉफिट यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं. दुसऱ्या गटातली बरीचशी पुढे मार्गाला लागतात, मध्येच शाळा सुटली नाही आणि पोलिसांत नाव गेलं नाही तर. म्हणून फुटलेल्या डोक्याचं प्रकरण शाळेतच मिटवा, त्या पोराच्या घरी स्वतः जा.

'अण्णांचंच रक्त' हे त्याच्यादेखत बंद. पोरगं ते ऐकतं आणि तसंच व्हायचं ठरवतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे त्याला दाखवा, आणि भावालाही दारूसाठी. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मार हाताबाहेर गेला तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तिथे नात्याची भीड धरू नका.

चिपळूणला तुमच्याकडे जागा आहे म्हणता, तर मासेमारीची बंदी उठेपर्यंत त्याला घेऊन या. भावाशी फोनवर बोलू नका, समोर बसा, वहिनींनाही बसवा, आणि सकाळी जा, संध्याकाळी नको.