शांती, शांतता आणि 'निवांत'मधला वारा

इंदूरच्याच राजेंद्रनगरातील एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, होणाऱ्या घरगुती उपासनांच्या पत्रिकेवर 'दैनंदिन जीवनात ख्रिस्ती विश्वासाद्वारे शांतता व नवीनीकरण' अशी ओळ छापायची ठरली आहे. त्यांच्या सासूबाईंना ती खटकते, मुलाला त्यात काहीच वावगे दिसत नाही, तेव्हा योग्य काय? सासूबाईंचे बरोबर आहे. 'शांती व नवीकरण' असे छापावे. उत्तर एवढेच आहे. परंतु सासूबाईंना जे खटकले ते का खटकले, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण गेली अनेक वर्षे हाच घोटाळा या शहरात माझ्या कानांवर आदळत आला आहे.

वास्तुशांती, ग्रहशांती, उदकशांती यांतली विधिवाचक शांती येथे बाजूला ठेवतो. ती सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न आहे तो मनाच्या शांतीचा. हिंदीत 'शांति' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. वर्गातला गलबला थांबवायचा असला तरी 'शांति रखिए', आणि मनाला समाधान लाभले तरी 'शांति मिली'. मराठीने मात्र ही कामे वाटून दिली आहेत: आवाज थांबला की शांतता होते, जीव थाऱ्यावर आला की शांती लाभते. आपण इंदूरकर हिंदीच्या अंगणात राहतो, म्हणून आपल्या मराठीत 'सगळ्यांनी शांती ठेवा' आणि 'शांतीने जेव रे' ही वाक्ये बिनदिक्कत शिरली आहेत. जेवायचे ते सावकाश, बसायचे ते स्वस्थ, आणि राखायची ती शांतता. असे आमच्या आजोळच्या माणसांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मग एकदा शांतीला शांततेच्या कामावर जुंपले की उलट शांततेला शांतीच्या जागी बसवले जाते, आणि पत्रिकेवर वरच्यासारखी ओळ उमटते.

मागे एका घरगुती उपासनेत आमच्या प्रमुखांनी मुलांना दटावून 'शांती ठेवा' म्हटले आणि लागलीच योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील सत्ताविसावे वचन वाचले: 'मी तुम्हांला शांती देऊन ठेवतो.' स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, धाकट्या मुलाने पेन पाडले, आणि माझे लक्ष पुढच्या प्रवचनावरून उडाले ते त्या 'देऊन ठेवतो'वर जाऊन बसले. 'शांती ठेवा' आणि 'शांती देऊन ठेवतो' या दोहोंत 'ठेवणे' आहे, पण दोन्ही क्रियापदे एक नव्हेत. पहिले हिंदी 'रखना'चे भाषांतर आहे. दुसरे अस्सल मराठी संयुक्त क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ मोठा बारकाईचा आहे. मराठीत '-ऊन ठेवणे' म्हणजे क्रिया आधीच उरकायची आणि तिचे फळ पुढच्या गरजेसाठी राखून असू द्यायचे. नर्मदेचे पाणी आपल्या नळाला एक दिवसाआड येते, म्हणून आपण ते भरून ठेवतो. उद्या नळ कोरडा असला तरी पिंप कोरडे नसते. मूळ ग्रीक क्रियापद 'आफिएमी' हे 'मागे ठेवून जाणे' अशा अर्थाचे आहे, आणि बोलणारा प्रभू येशू अटकेच्याच रात्री, निघून जाण्याच्या बेतात असताना बोलत आहे. भाषांतरकाराने साधे 'ठेवतो' लिहिले असते तर वाच्यार्थ साधला असता. 'देऊन ठेवतो' लिहून त्याने आठवड्याच्या सातही दिवसांची सोय केली. बसमध्ये उभ्याने प्रवास करणारी, घरी आजारी सासरे असणारी, महिनाअखेरीस हिशेब जुळवणारी बाई जी शांती वापरते ती त्या क्षणी आकाशातून पडत नाही. ती तिला आधीच देऊन ठेवलेली असते.

त्याच वचनाचा पुढचा भाग आहे: 'तुमचे अंतःकरण अस्वस्थ अथवा भयभीत होऊ नये.' हिंदी शाळांत शिकलेल्या आपल्या मुलांना 'अस्वस्थ' म्हणजे आजारी एवढेच ठाऊक असते, आणि अंतःकरण म्हणजे हृदय. तेव्हा प्रभू येशू येथे हृदयविकारापासून सावध करीत आहे, असा समज करून घेणारा एक तरुण मला प्रत्यक्ष भेटला आहे. मराठीत स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठिकाणी स्थिर असलेला. निरोगी माणूस अस्वस्थ असू शकतो आणि अंथरुणाला खिळलेला माणूस स्वस्थ असू शकतो. ख्रिस्ती विश्वासाला जे म्हणायचे आहे ते नेमके या दुसऱ्या माणसाविषयी आहे.

आता काही जाणकार मला 'शांतता करार', 'शांतता समिती' आणि 'नोबेल शांतता पुरस्कार' हे शब्द दाखवतात आणि म्हणतात की मराठीत हा भेद कधी नव्हताच. या विद्वानांनी कोश उघडला, पण वचन पुरते वाचले नाही. करारातली शांतता म्हणजे तोफांचा आवाज थांबणे. तेथे शांतता हाच शब्द चोख आहे, कारण सह्या करणाऱ्यांच्या मनात शांती असतेच असे नाही. आणि वचन पुढे काय म्हणते? 'जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही.' जग देते ती शांतता. शब्द वाटून देण्याची मराठीची रीत या ठिकाणी धर्मशास्त्राच्या मदतीला येते, आणि ही मदत हिंदीला, ग्रीकला किंवा हिब्रूलाही उपलब्ध नाही.

खरी मौज पुढेच आहे, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. मार्काच्या चौथ्या अध्यायात सरोवरावर वादळ उठते, नाव पाण्याने भरू लागते, आणि प्रभू येशू मात्र मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला असतो. शिष्य त्याला जागे करतात. तो उठून वाऱ्याला धमकावतो आणि समुद्राला म्हणतो, 'उगा राहा, शांत हो.' मूळ ग्रीकमधील दुसरे क्रियापद बैलाला मुसके बांधण्याचे आहे. मराठीत मात्र 'उगा राहा' आले, म्हणजे रडत्या बाळाला 'उगी, उगी' म्हणतात त्या कुळातला शब्द आला. खवळलेल्या समुद्राला मूल समजून गप्प करणारे हे भाषांतर मला मुळापेक्षा गोड वाटते. त्यानंतरचे वाक्य असे आहे: 'मग वारा पडला व अगदी निवांत झाले.'

निवांत! हल्ली हा शब्द 'रविवारी निवांत भेटू' एवढ्यापुरता उरला आहे, जणू निवांत म्हणजे हाताला काम नसणे. माझे मत असे की हा शब्द संस्कृत 'निवात'पासून आला आहे, आणि निवात म्हणजे जेथे वारा नाही असे स्थळ. गीतेच्या सहाव्या अध्यायातील 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते' या चरणात हाच शब्द आहे: वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही. आता मार्काचे वाक्य पुन्हा वाचावे. 'वारा पडला व अगदी निवांत झाले', म्हणजे वारा पडला आणि अगदी निर्वारा झाला! भाषांतरकाराला हे जाणवले होते की नकळत घडले, याची मला पर्वा नाही. मराठीला ते जाणवले होते.

या व्युत्पत्तीवर आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा की प्राकृतात दोन स्वरांमधला 'त' सहसा टिकत नाही. मातेची माय झाली आणि घाताचा घाय झाला, तेव्हा निवाताचे 'निवाय' व्हायला हवे होते. यावर माझे म्हणणे असे की हा शब्द शेतातून नव्हे, तर ग्रंथांतून आणि मठांतून, प्राकृताची झीज होऊन गेल्यावर मराठीत उतरला, म्हणून त्याचा 'त' शाबूत राहिला. अनुस्वाराची अडचण त्याहून किरकोळ आहे. पक्षापासून पंख करणाऱ्या भाषेला एखादा अनुस्वार जास्त होत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की निवांत हा निवातापासून नसून 'निवणे'पासून आहे, जसे डोळे निवले, जीव निवला. हा पक्ष मांडणारे गृहस्थ आपण फार मोठा शोध लावला अशा आवेशात बोलतात. परंतु निवणे तरी कोठून आले? निर् अधिक वा, म्हणजे फुंकर बसून विझणे, थंड होणे. निर्वाण हा शब्दही त्याच घरचा. आणि निवातातला 'वात' हाही त्याच 'वा' म्हणजे वाहणे या धातूचा. तेव्हा हे भांडण दोन भावांचे आहे आणि वडिलोपार्जित वारा दोघांच्याही सातबाऱ्यावर आहे. तरीही मी निवातावर ठाम आहे, कारण निवणे ही वस्तू थंड होण्याची क्रिया आहे आणि निवांत हे जागेचे, आसपासचे विशेषण आहे. 'निवांत जागा' म्हणतात, 'निवलेली जागा' कोणी म्हणत नाही.

या एका कथेत शांती आणि शांतता यांचा क्रम किती स्वच्छ लागतो पाहा. वारा पडला तेव्हा शांतता झाली. शांती त्याआधीच नावेत होती. ती उशी घेऊन झोपली होती. शिष्यांना हवी होती शांतता, आणि ती मिळाल्यावरही ते घाबरलेलेच राहिले, असे पुढचे वचन सांगते. पत्रिकेवर 'शांतता' छापणाऱ्यांनी हे वचन एकदा वाचावे. जिच्या घरी वादळ अजून पडलेले नाही अशा बाईला ते उपासनेला बोलावीत आहेत. तिला शांततेचे आश्वासन देणे हे त्यांच्या हाती नाही.

एक उपद्रव येथेच निकालात काढतो. हिब्रूतला शांतिवाचक 'शालोम' आणि आपली 'शांती' हे एकाच मुळाचे, कारण दोहोंचा आरंभ 'श'ने होतो, असे मला वारंवार ऐकवले जाते. हे साफ खोटे आहे. शांती ही 'शम्' धातूची लेक, शालोम हा सेमिटिक कुळातला. एका अक्षराने नाते जुळत असते तर शहाळे आणि शहाणपण हीही भावंडे ठरली असती. शालोमची खरी भावंडे अरबीमार्गे आपल्याकडे कधीच आली आहेत: सलाम आणि सलामत. जुन्या पिढीतील मराठी ख्रिस्ती माणसे एकमेकांना 'सलाम' म्हणत, तेव्हा ती पुनरुत्थित ख्रिस्ताच्या 'तुम्हांला शांती असो' या अभिवादनाच्या फार जवळ जात होती. शालोमच्या मुळाशी अखंड असणे, पुरे होणे हा अर्थ आहे, आणि त्याच मुळापासून हिब्रूत देणे चुकते करण्याचे क्रियापद होते. वर सांगितलेले 'आफिएमी'ही प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्यासाठी आले आहे. ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याला कितीही शांततेत बसवले तरी झोप लागत नाही, हे दोन्ही भाषांनी ओळखले होते.

शांती हा शब्द उपनिषदांचा, म्हणून तो ख्रिस्ती लेखनात नको, असे म्हणणारेही काही आहेत. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात साध्या भाषेचा आग्रह धरला होता, हे खरे. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी नेले तेव्हा शब्दांची जात विचारली नव्हती. मी टिळकांच्या बाजूचा आहे.

राहिले नवीकरण. व्याकरणाने पाहता नव, नूतन आणि नवीन या तिघांपासूनही हे नाम होते, म्हणून नवीनीकरण अशुद्ध नाही. ते हिंदीचे सरकारी नाणे आहे, परवाना आणि विमा यांच्या अर्जावर वापरून गुळगुळीत झालेले. मराठी कचेरीत त्याच कामाला नूतनीकरण म्हणतात. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात मराठी शास्त्राने, म्हणजे बायबलने, 'मनाच्या नवीकरणाने' असे म्हटले आहे, आणि हा शब्द सुदैवाने अजून कोणत्याही खिडकीवर शिक्क्यानिशी मिळत नाही. शिवाय परवान्याचे नूतनीकरण मुदत संपली की एकदा होते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अंतर्यामी नवे होण्याची गोष्ट दिवसेंदिवस चालणारी सांगितली आहे. तीत कंबर दुखण्याची, केस पिकण्याची अडचण नाही, कारण बाहेरचा देह झिजत असतानाच ती चालते, असे त्याच वचनात म्हटले आहे.

यावर एक प्रवचनी दंतकथा प्रचलित आहे: ग्रीकमध्ये 'नेऑस' म्हणजे वयाने नवे आणि 'काइनॉस' म्हणजे प्रकाराने नवे, आणि ही पत्रे लिहिणारा पौल हा भेद काटेकोर पाळतो. कोशात भेद आहे, पौलाच्या हातात तो तितका टिकत नाही. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील दहाव्या वचनात 'नवा मनुष्य' म्हणताना तो नेऑस वापरतो आणि त्याच मनुष्याच्या नवा होत जाण्यासाठी काइनॉसपासूनचे क्रियापद; एकाच वाक्यात, शेजारी शेजारी. आपला 'नव' हा नेऑसचा सख्खा भाऊ आहे, म्हणून 'नवीकरण' हे उथळ भाषांतर ठरते, असा जो शेरा एका अभ्यासकांनी मारला आहे, त्यांनी आधी पौलाची समजूत घालावी.