एकादशीला शुगरची गोळी घ्यावी का?

सासूबाई एकादशीला दिवसभर काही खात नाहीत, पण सकाळची शुगरची गोळी न चुकता घेतात, हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी गोळ्यांची स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा.

नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर धोक्याइतकी उतरण्याची शक्यता कमी. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर काळजी घ्या. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो.

माझ्या आईचं आषाढीला हेच झालं. सकाळी गोळी, वर बिनसाखरेचा चहा, बस्स. अकराच्या सुमाराला देवासमोर बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. आम्ही म्हणालो, उपवासाचा थकवा असेल. शेजारच्या काकूंनी ग्लुकोमीटर आणला म्हणून कळलं. आकडा ४८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात.

आम्ही घाईघाईने पाण्यात साखर ढवळून दिली, पण पंधरा मिनिटांनी आकडा जेमतेम हलला होता. तिच्या गोळीत व्होग्लिबोजही होतं, हे डॉक्टरांना फोन केल्यावर समजलं. ते असेल तर घरातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. तेव्हापासून पुडा फ्रिजवर असतो. पावडर साधारण १५ ग्रॅम द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. आणि साखर वर आली तरी जेवायला घाला, कारण त्या गोळीचा असर दिवसभर राहतो. उपवास तिथेच सुटला असं समजा.

गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका. एकादशीच्या चार-पाच दिवस आधी डॉक्टरांना भेटा, ते डोस कमी करतात किंवा वेळ बदलतात. निर्जळी करत असतील तर तेही सांगा. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यात पाणीही जातं.

फराळाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा असेल तर उलट साखर झपाट्याने चढते. आई आता मूठभर शेंगदाणे, ताक आणि थोडी भगर खाते, गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घेते, आणि अकरा वाजता मी फोन करून आकडा विचारते.