वाचकांचे प्रश्न: ब्रेकचं पेडल गादीसारखं दबतंय

प्रश्न: माझी २०१३ ची छोटी हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑईल झिरपत होतं म्हणून घराजवळच्या गॅरेजात व्हील सिलिंडर बदलून घेतला. तेव्हापासून पेडल दाबलं की गादीवर पाय पडल्यासारखं वाटते. दोन-तीनदा पंप केलं की वर येते. मिस्त्री म्हणतात मास्टर सिलिंडर गेला, बदला. एका मित्राचं म्हणणं, नागपूरच्या उन्हानं ऑईल पातळ होते. खरं काय समजायचं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑईल चाकांकडे ढकलणारा पंप. त्याचे पैसे सध्या खिशातच ठेवा. व्हील सिलिंडर (ऑईलच्या दाबाने ड्रममधले शू ढकलणारा भाग) बदलताना पाईप उघडला गेला, म्हणजे हवा आत शिरलीच. ती पूर्ण निघाली नसावी, हा पहिला संशय. ब्रेक ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर शू-पॅडपर्यंत (ड्रमला घासतात ते शू, डिस्कला घासतात ते पॅड) पोचण्याआधी त्या बुडबुड्यांत जिरतो.

मात्र पंप केल्यावर पेडल वर येण्याचं दुसरंही एक कारण असतं. ड्रम उघडून पुन्हा बसवताना शू ढिले राहिले असतील तर पहिला दाब त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच संपतो. फरक असा ओळखा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. पेडल एकदम उंच आणि टणक लागलं तर दोष शूच्या फटीत आहे, ही फट कमी-जास्त करणारा अॅडजस्टर घट्ट करून घ्या. हँडब्रेक ओढूनही मऊच लागलं तर हवा आहे. आता पेडल एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर कुठेही गळती नसताना पाय हळूहळू खाली जात राहिला, तरच मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर बोट ठेवता येईल.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यातले ४५-४६ अंश ब्रेक ऑईलच्या खिजगणतीतही नसतात. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑईलचे ग्रेड. डॉट ३ चं ताजं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला आणि डॉट ४ चं २३० अंशांना उकळतं. खरा त्रास जुलै-ऑगस्टच्या दमट हवेचा. हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते जवळपास पावणेचार टक्क्यांवर गेलं की उत्कलनबिंदू डॉट ३ साठी १४० पर्यंत, डॉट ४ साठी १५५ पर्यंत घसरू शकतो.

आता हवा काढण्याचं काम. माणसं दोन लागतात. ८ किंवा १० मिलिमीटरचा रिंग पाना घ्या, उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलचे (चाकामागचा, हवा काढायचा पोकळ स्क्रू) कोपरे गोल होतात. निप्पलवर घट्ट बसेल अशी हातभर पारदर्शक नळी, एक बाटली आणि गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या डब्याच्या टोपीवर लिहिलेल्या ग्रेडचं सीलबंद ऑईल हवं. एका चाकाला १००-१५० मिलिलिटर पुरतं. चारही चाकांचं जुनं ऑईल बदलायचं असेल तर अर्धा-अर्धा लिटरचे दोन डबे आणा आणि दुसरा गरज पडली तरच फोडा. वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नका.

निप्पल गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून निप्पल तुटला की दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. गाडी जॅकवर घेतली की खाली टेकू लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. पुढच्या चाकांना विटा लावा.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. आपल्याकडे तो उजव्या बाजूला, म्हणून क्रम बहुधा डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. पाईप तिरपे जोडलेल्या काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तेव्हा मॅन्युअल पाहा. नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑईलमध्ये बुडालेलं ठेवा. इंजिन बंद. आत बसलेल्याने "दाबलं" म्हणून पाय दाबून धरायचा. खालच्याने निप्पल पाव ते अर्धा फेरा उघडायचा. पेडल खाली जाईल, पाय तिथेच ठेवायचा. निप्पल बंद झाल्यावर "सोडा" म्हणायचं, मगच पाय उचलायचा. इथेच घाई होते. निप्पल उघडा असताना पाय वर आला की बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते, आणि मग तासभर मेहनत करूनही पेडल जिथल्या तिथे.

नळीकडे नीट पाहा. आधी चहासारखं तपकिरी ऑईल येतं, मग सोडा फसफसावा तसा फेस, मग मोहरीएवढे सुटे बुडबुडे, आणि शेवटी स्वच्छ, फिकट सोनेरी धार. सलग चार-पाच दाबांत एकही बुडबुडा दिसला नाही की क्रमातल्या नंतरच्या चाकाकडे वळा. दर पाच-सहा दाबांनंतर मास्टर सिलिंडरवरचा ऑईलचा डबा पाहून भरत राहा. तो एकदा रिकामा झाला की हवा थेट मास्टरमध्ये जाते आणि सगळं पहिल्यापासून.

गाडी जुनी असल्यामुळे आणखी एक पथ्य पाळा. पेडलखाली दीड-दोन इंची लाकडी गुटका ठेवा. रोजच्या वापरात पेडल तळाला टेकत नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग गंजलेला किंवा खरखरीत असतो. हवा काढताना पाय तळाला नेला की त्या खरखरीवर सील फाटतं. "हवा काढली आणि मास्टर गेला" ही तक्रार बरेचदा इथूनच येते.

सगळं करूनही पेडल मऊच राहिलं तर पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) पाहा. डावा-उजवा अदलाबदल झाला असेल तर निप्पल खालच्या अंगाला जातो आणि हवा वर अडकून बसते. तेही ठीक असेल तर दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून रबरी होज पाईपवर बोटं ठेवा. फुगल्याचं जाणवलं तर पाईप बदला. मागच्या अॅक्सलला स्प्रिंगने जोडलेला व्हॉल्व्ह असलेल्या व्हॅनमध्ये मागची चाकं लोंबकळत ठेवून हवा काढू नका, तो व्हॉल्व्ह मागचा प्रवाह कमी करतो.

सांडलेलं ऑईल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. चाकांखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा, सकाळी डाग दिसला तर निप्पल किंवा जोड अजून गळतोय. पहिली फेरी गल्लीत, दहा-वीसच्या वेगाने. रिंग रोडवर त्यानंतर.

प्रश्न: चिखलदऱ्याहून उतरताना घाटात पेडल अचानक तळाला गेलं. थोडा वेळ थांबल्यावर परत आलं, आणि आता सगळं ठीक आहे. ऑईलची पातळीही बरोबर आहे. तरी काही करावं का?
— एक वाचक, वाडी

उत्तर: तुमचं ऑईल उकळलं होतं. परतवाड्याच्या बाजूला उतरताना बराच वेळ ब्रेकवर पाय राहिला की डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑईलला लागते आणि त्यातलं पाणी वाफ होतं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी झालं, इतकंच. पेडल टणक राहून गाडी थांबत नसती तर दोष तापलेल्या पॅडचा मानला असता. तुमच्या बाबतीत तसं नाही.

पातळी बरोबर असणं म्हणजे ऑईल चांगलं असणं नव्हे. चारही चाकांतून जुनं ऑईल काढून पूर्ण नवं भरा आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. नुसतं वरून भरत राहायची आपली सवय वाईट. पातळी उतरते ती पॅड झिजल्यामुळे किंवा गळतीमुळे, आणि वरून भरल्याने दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. घाट उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेडल पुन्हा गेलंच तर भराभर पंप करा, खालचा गिअर टाका आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्याने नाही.

प्रश्न: एप्रिल २०१९ नंतर घेतलेल्या एबीएसवाल्या गाडीची हवा घरी काढता येते का?
— एक वाचिका, सदर

उत्तर: नेहमीचं ऑईल बदलायचं असेल आणि डबा एकदाही रिकामा होऊ दिला नसेल तर बहुतेक गाड्यांत वरच्याच रीतीने येते. पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर आतले व्हॉल्व्ह स्कॅनरने उघडावे लागतात, आणि काही गाड्यांची पद्धतच निराळी असते. मॅन्युअल आधी वाचा.

प्रश्न: ब्रेकच्या डब्यात चुकून पॉवर स्टिअरिंगचं ऑईल पडलं असावं असा संशय आहे. कसं ओळखावं?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर: डब्यातलं थोडं ऑईल सिरिंजने काढून काचेच्या पेल्यात पाण्यावर सोडा. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं, पॉवर स्टिअरिंगचं खनिज तेल वर तरंगतं. तवंग दिसला तर गाडी चालवू नका, टो करूनच न्या. ते तेल सीलचं रबर फुगवतं, म्हणून नुसतं धुऊन भागत नाही: मास्टरची किट, व्हील सिलिंडरचे कप, कॅलिपरचे सील आणि होज पाईप, सगळं रबर बदलावं लागतं. डब्याच्या टोपीचं रबर फुगून आधीच बसेनासं झालं असेल तर पेल्याचीही गरज नाही.