आजीच्या एका दाखल्यावर अकरा पासपोर्ट?

प्रश्न : वकीलताई, माझी आजी 1948 साली गोव्यातल्या पेडण्यात जन्मली आणि 1967 साली लग्न होऊन सावंतवाडीला आली. आजी-आजोबा दोघेही हयात आहेत. त्यांना तीन मुलगे, एक मुलगी, आणि आम्ही सात नातवंडं. गणपतीत सगळे जमलो तेव्हा ठरलं की पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी अकराही जणांनी एकदमच अर्ज करायचा. एजंट म्हणतो, पॅकेजमध्ये करून देतो. थोरले काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. धाकट्या काकांना अजून एक काजूची बाग घ्यायची आहे. मला लंडनला जायचंय. आजीचं नाव जन्मदाखल्यात एक आणि आधारवर भलतंच आहे. सुरुवात कुठून करू?
— एक नातू, सावंतवाडी

उत्तर : एकदम होत नाही रे बाबा. आरती सगळ्यांनी मिळून म्हणता येते, हे काम रांगेने होतं. आणि रांगेत पहिली आजी.

19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्माने पोर्तुगीज. आपल्या सरकारने 1962 च्या आदेशाने त्यांना भारतीय मानलं, पण तिकडचं दार पोर्तुगालने बंद केलं नाही. त्यामुळे आधी आजीचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग तिचं लग्न, मग तिची मुलं, आणि ती चढली की तुम्ही.

आता नावाचं. ह्यात मी स्वतः पोळलेय. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर माझं नवं नाव लिहिलं. तांदूळ पाच मिनिटांत सारखे केले, नाव मात्र चिकटलं. पुढे एका कचेरीत ‘त्या दोघी तुम्हीच कशावरून?’ ह्या प्रश्नाला उत्तर देता देता माझे आठ महिने गेले, आणि मी वकील! तुझ्या आजीचंही तेच झालंय. पेडण्याच्या नोंदणी कार्यालयातून तिच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल काढ. ‘तेओर’ म्हण, कारकुनाला कळेल. संगणकाचा छोटा दाखला नको. मूळ नोंद पोर्तुगीजमध्येच असल्यामुळे तिला भाषांतर लागत नाही, तुमच्या महाराष्ट्रातल्या कागदांना लागेल, वर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार मारतं तो, शिक्काही. नोंद वाचताना घाबरू नकोस. पोर्तुगीज लिहिणारा ‘श’ला एक्स लावतो, केशव क्यूने सुरू करतो आणि प्रभूंचा पोरोबो करतो. पणजोबा ओळखू आले नाहीत तर मोठ्याने वाचून बघ, कानाला लगेच सापडतात.

1967 चं लग्न बहुतेक नोंदवलेलंच नसेल. तेरेखोल नदीच्या अलीकडे, आमच्या गोव्यात, लग्न नोंदवल्याशिवाय चालत नाही. पलीकडे तेव्हा कोण विचारत होतं! आजोबा आहेत हे तुमचं भाग्य. दोघांना घेऊन जा आणि आत्ताच नोंदवा. अर्जात आजीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं येतील एवढं बघ. ह्या एका कागदावर तिची दोन्ही नावं जुळली की पुढचं निम्मं काम झालं.

मुलांचे जन्म तपास. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, बहुधा ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच असतं, बाळाचं नाव नसतं. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक जून ठोकलेली असते. दोन तारखा जुळल्या नाहीत तर आधी इथे दुरुस्त करा. लिस्बनला पाठवून मग दुरुस्त करू, असं म्हणू नका. वयाच्या चाळिशीत केलेली उशिराची जन्मनोंदही तिकडे खटकते, कारण आईबाप कोण हे मूल लहान असतानाच कागदावर आलेलं त्यांना हवं असतं.

पॅकेजवाला जे सांगत नाही ते आता मी सांगते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सरळ आहे : स्वखुशीने दुसरं घेतलंत की इथलं गेलं. परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा. नुसती जन्मनोंद झाली तर काय, ह्यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय, आमदारांविरुद्धसुद्धा तक्रारी झाल्यात. मी अशिलांना सांगते, नोंद हीसुद्धा गंभीर गोष्ट समजा.

तेव्हा थोरल्या काकांनी निवृत्तीपर्यंत हात लावू नये. धाकट्या काकांनी बाग आधी घ्यावी किंवा पासपोर्टचा नाद सोडावा. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते ओसीआय कार्ड हातात आलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. मतदान दोघांचंही जाईल. आणि तुझं लंडन? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे 1 जानेवारी 2021 पासून पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने जाऊन तिथे नोकरी करता येत नाही, व्हिसा लागतो. त्याआधी जाऊन स्थिरावलेल्या गोंयकारांचं बघून लोक अजून तेच स्वप्न विकतात. आयर्लंड, जर्मनी, खुद्द पोर्तुगाल, हे मात्र खुलं आहे.

अडचण होईल ती थोरल्या काकांच्या मुलांची. बाप रांगेत नाही म्हटल्यावर त्यांना नातवंड म्हणून थेट आजीवरून जावं लागेल, आणि त्या वाटेवर पोर्तुगीज भाषा येत असल्याचा पुरावा लागतो. पणजीत वर्ग चालतात. सावंतवाडीहून रोज जमणार नाही, पण सहा वर्षं हातात आहेत.

तुझ्या पत्रात अकरा जणांना काय हवंय ते कळलं, आजीचं कुठे दिसलं नाही. पहिली सही तिचीच लागणार, आणि मतदान कार्डाचा प्रश्नही पहिला तिच्याच दारात येणार. पेडण्याला जाशील तेव्हा तिला बरोबर घेऊन जा. माहेरचं घर दाखवून आण, नि परतताना गाडीतच विचार.